अतिदक्षता विभागातलं बाळ आणि त्याच्या आईबापांची जागा

अठ्ठाविसाव्या आठवड्यात, किलोभर वजनाचं जन्मलेलं बाळ साधारणपणे मूळ प्रसूतीची तारीख जवळ येईपर्यंत घरी जात नाही. म्हणजे दोन ते तीन महिने ते काचेत असतं. पाचवी पुजायची राहून जाते, बारसं लांबणीवर पडतं, फाइलवर बाळाच्या नावाच्या जागी आईचं नाव असतं. या काळात त्याचे आईबाप नक्की कोण असतात? ठरलेल्या वेळेला येऊन पाहून जाणारे नातेवाईक, उपचारात हात असलेली माणसं, की निर्णय घेणारे पालक? नवजात वैद्यकात हा प्रश्न पन्नास वर्षांहून अधिक काळ चर्चेत आहे. त्यातला काही भाग आता बऱ्यापैकी सुटला आहे आणि काही भाग अजून हाताला लागलेला नाही.

सदतीस आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेली बाळं २०२० मध्ये जगभरात सुमारे १ कोटी ३४ लाख होती, त्यांतली ३० लाखांच्या आसपास भारतात. बहुतेक बाळं चौतीस ते छत्तीस आठवड्यांची असतात. त्यांना ऊब, थोडं निरीक्षण आणि दूध पाजायला मदत एवढी पुरते. हा आढावा उरलेल्यांबद्दल आहे: बत्तीस आठवड्यांच्या आतली, दीड किलोखालची, जन्मताना गुदमरलेली, आतड्याची शस्त्रक्रिया झालेली किंवा हृदयात दोष असलेली बाळं. त्यांची सुधारणा सरळ चढत जात नाही. व्हेंटिलेटरवरून सीपॅपवर, म्हणजे नाकातून दाबाने हवा देणाऱ्या सौम्य आधारावर, आलेलं बाळ जंतुसंसर्गाने परत व्हेंटिलेटरवर जातं. नळीने दूध पचू लागलेलं बाळ पोट फुगलं म्हणून पुन्हा सलाइनवर येतं. काल डॉक्टर ‘छान चाललंय’ म्हणाले आणि आज बोलायला थांबत नाहीत, असे दिवस आईबाप महिनोन्महिने काढतात.

दार बंद कसं झालं

सुरुवातीला दार बंद नव्हतं. १८९० च्या दशकात पॅरिसमध्ये प्येर ब्यूदँ यांनी अशक्त बाळांसाठी स्वतंत्र विभाग चालवला तेव्हा आईने जवळ राहून पाजावं, यावर त्यांचा भर होता. बाळापासून तोडलेल्या आईचं त्याच्यावरचं लक्षच उडत जातं, हे त्यांनी लिहून ठेवलं आहे. अमेरिकेत मार्टिन कूनी यांनी १९०३ ते १९४३ या काळात न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर इन्क्युबेटरमधल्या बाळांचं तिकीट लावून प्रदर्शन भरवलं. लोकांच्या पैशातून उपचार चालत, आईबापांकडून काही घेत नसत. आज हे वाचताना अंगावर काटा येतो, पण त्या काळी बहुतेक रुग्णालयांकडे अशा बाळांसाठी काहीच नव्हतं.

पुढे ही सोय रुग्णालयांत आली आणि तिच्यासोबत जंतुसंसर्गाची भीतीही आली. ती निराधार नव्हती. प्रतिजैविकांच्या आधीच्या काळात एका जुलाबाच्या साथीत अख्खा कक्ष रिकामा होई. म्हणून आईबापांना काचेबाहेर ठेवण्याचा नियम झाला आणि भीतीचं कारण कमी झाल्यावरही टिकून राहिला. त्याला पहिला धक्का बसला तो १९६० च्या दशकाच्या अखेरीस, स्टॅनफर्डमध्ये. हात धुऊन आलेल्या आयांना आत घेतल्यावर जंतुसंसर्ग वाढला नाही, हे तिथल्या गटाने १९७० मध्ये प्रसिद्ध केलं. त्या गटातले मार्शल क्लाउस आणि त्यांचे सहकारी जॉन केनेल यांनी पुढे आई आणि बाळाच्या पहिल्या तासांतल्या जवळिकीचा सिद्धान्त मांडला. तो फार लोकप्रिय झाला आणि नंतर त्यावर कठोर टीकाही झाली. पहिले काही तास गेले की नातं कायमचं उणं राहतं, असा पुरावा नव्हता. मधल्या काळात मात्र बाळ काचेत असलेल्या कित्येक आयांच्या मनावर अपराधीपणाचं ओझं बसलं. या विषयावर बोलताना हा इतिहास विसरता कामा नये, कारण ‘आई जवळ हवी’ हे विधान कधी आधार देतं आणि कधी आरोप करतं.

खरा बदल आला तो टंचाईतून. १९७८-७९ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटामध्ये इन्क्युबेटर इतके कमी होते की एकेका पेटीत दोन-तीन बाळं ठेवावी लागत आणि संसर्गाने ती दगावत. एडगर रे सनाब्रिया आणि हेक्टर मार्टिनेझ यांनी स्थिर झालेली बाळं आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून बांधायला सुरुवात केली. आज आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांतल्या सिस्टर ज्याला नुसतं ‘कांगारू’ म्हणतात, ती पद्धत हीच. त्याच काळात एस्टोनियात, टॅलिनला, परिचारिकांच्या तुटवड्यामुळे आदिक लेविन यांनी आयांना चोवीस तास आत ठेवून बाळांची बरीचशी काळजी त्यांच्याकडे दिली. आपल्याकडे १९८९ मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. महापालिकेच्या रुग्णालयातल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना पावडरीऐवजी आईचं दूध मिळावं, ही तिच्यामागची गरज होती.

गरिबीतली तडजोड म्हणून सुरू झालेली गोष्ट हीच उत्तम काळजी कशी ठरली, हे समजून घेतल्याशिवाय आजच्या मतभेदांचं मूळ कळत नाही.

पुरावा काय सांगतो

कांगारू पद्धतीबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. जुने अभ्यास बाळ स्थिर झाल्यानंतरचे होते. नाजूक, अजून ऑक्सिजनवर असलेल्या बाळाचं काय, हा प्रश्न होता. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया इथल्या पाच रुग्णालयांत त्यावर चाचणी घेतली. भारतातलं केंद्र दिल्लीचं सफदरजंग होतं. एक किलो ते १.८ किलोच्या आतली ३,२११ बाळं तिच्यात होती. अर्ध्यांना स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच कांगारूत ठेवलं. अठ्ठावीस दिवसांतला मृत्युदर त्यांच्यात १२ टक्के होता, नेहमीच्या पद्धतीत १५.७ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधी थांबवली. निष्कर्ष २०२१ मध्ये आले आणि २०२२ मध्ये संघटनेने शिफारस केली: शक्य तितक्या लवकर सुरुवात करा आणि दिवसाचे आठ ते चोवीस तास द्या.

यातली एक व्यावहारिक बाब बातम्यांत हरवली. बाळाला लगेच कांगारूत ठेवायचं तर बाळंतिणीची खाट अतिदक्षता विभागात हवी. सिझेरियनचे टाके असलेली, रक्तदाब चढलेली बाई तिथे असेल तर तिची तपासणी, औषधं, जेवण, संडास-बाथरूम सगळं तिथेच हवं. म्हणजे प्रसूतिशास्त्र आणि बालरोग या दोन खात्यांनी एका छताखाली काम करायला हवं. सफदरजंगमध्ये तसा माता-नवजात कक्ष उभा राहिला. त्यानंतर केंद्र सरकारने असे कक्ष इतरत्र उभारण्याचं धोरण घेतलं. बहुतेक जुन्या इमारतींत मात्र बाळंतिणींचा वॉर्ड एका मजल्यावर आणि बाळांचा कक्ष दुसऱ्या मजल्यावर असतो.

दुसरा धागा आईबापांनी प्रत्यक्ष काळजी घेण्याचा. टोरांटोच्या माउंट सायनाय रुग्णालयात शू ली यांच्या गटाने टॅलिनचा अनुभव पाहून एक पद्धत बसवली. लंगोट बदलणं, तापमान पाहणं, नळीने दूध देणं, राउंडच्या वेळी आपल्या बाळाची माहिती स्वतः सांगणं ही कामं आईबापांनी शिकून करायची. इंजेक्शन आणि यंत्रं परिचारिकांकडे. कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या २६ विभागांत तिची चाचणी झाली. २०१८ च्या निष्कर्षांत बाळांचं वजन जास्त वाढलं आणि आईबापांचा ताण कमी झाला. सहभागाची अट मात्र रोज किमान सहा तास, आठवड्याचे पाच दिवस अशी होती. ज्यांना एवढा वेळ काढता येतो त्यांच्यातच हे सिद्ध झालं आहे, हा त्यावरचा आक्षेप मला रास्त वाटतो.

भारतात दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयात डॉ. आरती मारिया यांच्या गटाने असंच काम केलं. आईबापांना आत घेतल्याने रुग्णालयातला जंतुसंसर्ग वाढला नाही आणि घरी जाताना निव्वळ स्तनपानावर असलेल्या बाळांचं प्रमाण वाढलं. या अनुभवावर केंद्र सरकारने २०१७ मध्ये कुटुंबाच्या सहभागाची मार्गदर्शिका काढली. जिल्हा रुग्णालयांतल्या नवजात शिशू विशेष कक्षांना ती लागू आहे. संसर्गाच्या नावाने दार बंद ठेवण्याचं शास्त्रीय कारण आता राहिलेलं नाही.

तरीही कोविडच्या साथीत जगभर ते दार पुन्हा लागलं. आई आणि बाळाला वेगळं केलं गेलं. जागतिक आरोग्य संघटना आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये गणित मांडलं: कांगारू पद्धत सगळीकडे पोहोचली तर सव्वा लाख नवजात बाळं वाचू शकतात, तर तिच्यामुळे होणारे कोविडमृत्यू दोन हजारांहून कमी. पन्नास वर्षांत मिळवलेली जागा काही आठवड्यांत कशी जाऊ शकते, हे त्या काळात दिसलं.

मतभेद कुठे आहेत

आईबाप आत हवेत, यावर एकमत आहे. कोणत्या नात्याने, यावर नाही.

एक बाजू म्हणते की सहभाग हा बाळाचा आणि आईबापांचा हक्क आहे आणि उपचाराचाच भाग आहे. दुसरी बाजू, जिच्यात अनेक अनुभवी परिचारिका आहेत, विचारते की एका पाळीला एकेका सिस्टरकडे झेपतील त्याहून जास्त बाळं असताना आईला नळीने दूध द्यायला शिकवणं हा सहभाग आहे की रिकामी पदं भरण्याचा मार्ग? दूध फुफ्फुसात गेलं तर जबाबदार कोण? पहिली बाजू यावर सांगते की शिकवलेली आई घरी गेल्यावरही धोक्याची खूण लवकर ओळखते. माझ्या मते दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी आहेत. पुरेशा परिचारिका असलेल्या विभागात सहभाग आईचा आत्मविश्वास वाढवतो आणि परिचारिका अपुऱ्या असलेल्या विभागात तोच तिच्यावर भीतीचा भार टाकतो. चाचण्यांचे निष्कर्ष वाचताना त्या विभागांत मनुष्यबळ किती होतं हे आधी पाहायला हवं.

इमारतीचा वादही असाच. स्टॉकहोममध्ये कुटुंबाला बाळाजवळ राहायला खोली दिली तेव्हा मुक्काम सरासरी पाच दिवसांनी कमी झाला, असं २०१० च्या अभ्यासात दिसलं. अमेरिकेत सेंट लुईसच्या २०१४ च्या अभ्यासात उलट चित्र होतं: स्वतंत्र खोलीतली बाळं दोन वर्षांची झाल्यावर भाषेत मागे होती. अभ्यासकांनी दिलेलं संभाव्य स्पष्टीकरण असं की आईबाप फार वेळ येऊ शकत नव्हते, त्यामुळे शांत खोलीत बाळाच्या कानावर माणसाचा आवाजच पडत नव्हता. स्वीडनमध्ये मूल रुग्णालयात असताना आईबापांना विम्यातून पगाराची भरपाई मिळते. दोन्ही ठिकाणी खोली होती. आईबापांना तिच्यात राहणं परवडत होतं ते एकाच ठिकाणी.

आपल्याकडे प्रश्न खोलीचा नाही, बाळंतिणीच्या शरीराचा आहे. सव्वा महिना तिने अंग टाकून पडावं, वारं लागू देऊ नये, शेकशेगडी घ्यावी, ही घराची रीत. अतिदक्षता विभाग तिला दर तीन तासांनी दूध काढायला, बाळाला छातीशी घेऊन तासन्तास बसायला सांगतो. घरची माणसं तिच्या काळजीपोटी अडवतात, तर तिला सासू अडाणी आणि डॉक्टर निष्ठुर वाटू लागतात. यावरचा तोडगा शास्त्राने दिला आहे: कांगारू बाप, आजी, मावशी कोणीही करू शकतं, जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीतही आईखेरीज घरचं दुसरं माणूस चालत होतं. पण सरकारी रुग्णालयात जिथे कक्षाला लागून बायकांचा वॉर्ड असतो, तिथे बापाला आत सोडत नाहीत. बापाने बाळाला पहिल्यांदा छातीशी घेण्याचा क्षण अनेकदा घरी जायच्या दिवसापर्यंत लांबतो.

मन, दूध आणि माहिती

आईबापांच्या मानसिक ताणाची मोजपट्टी मार्गारेट माइल्स यांनी १९९३ मध्ये तयार केली. यंत्रांचे आवाज, बाळाचं रूप आणि पालकपणाची भूमिका हिरावली जाणं असे तिचे भाग आहेत. वेगवेगळ्या देशांत ती वापरल्यावर बहुतेक ठिकाणी तिसरा भाग सर्वांत जड निघाला. नळ्यांनी वेढलेलं बाळ पाहण्यापेक्षा ‘माझ्या बाळाला मी उचलू शकत नाही’ हे जास्त लागतं. नैराश्य आणि आघातानंतरची लक्षणं या आयांमध्ये इतरांपेक्षा पुष्कळ जास्त आढळतात. बापांमध्येही ती दिसतात, उशिरा आणि चिडचिडीच्या रूपात. अमेरिकेत बर्नडेट मेल्निक यांनी आईबापांना आधीच समजावून सांगण्याचा साधा कार्यक्रम केला: बाळ असं का दिसतं, कधी थकतं, तुम्ही काय करू शकता. २००६ च्या चाचणीत मातांचा ताण कमी झाला आणि अतिदक्षता विभागातला मुक्कामही जवळपास चार दिवसांनी घटला. या सगळ्या चर्चेतला स्वस्त आणि सहज अमलात येणारा उपाय मला हाच वाटतो.

दुधाची गोष्ट दुहेरी आहे. आईचं दूध आतड्यांच्या जीवघेण्या सुजेपासून बाळाला वाचवतं, त्यामुळे त्याचा आग्रह योग्यच आहे. बोंडल्यात दोन थेंब चीक आला तरी तो बाळाच्या तोंडात लावला जातो आणि आईला पहिल्यांदा काहीतरी दिल्यासारखं वाटतं. पण ताणामुळे दूध आटतं, आटलं म्हणून ताण वाढतो आणि ‘अंगावर दूध नाही’ हा शिक्का बसतो. दुग्धपेढी असेल तर ही कोंडी सैल होते. ती प्रामुख्याने मोठ्या शहरांत आहे.

माहितीबद्दल आपल्याकडचं वास्तव परदेशी ग्रंथांत सापडत नाही. डॉक्टर बहुधा बापाशी, आजोबांशी किंवा मामाशी बोलतात. ‘ओली बाळंतीण आहे, तिला सांगू नका’ असं घरचेच विनवतात. मग मेंदूत रक्तस्राव झाल्याचं साऱ्या घराला ठाऊक असतं आणि रोज दूध काढून पाठवणाऱ्या आईला ठाऊक नसतं. यात प्रेम आहे, हे नाकारता येत नाही. पण जिने पुढची वीस वर्षं हे मूल सांभाळायचं, तिला निर्णयातून वगळून कोणाचं भलं होतं, हे मला समजत नाही.

निर्णय कोणाचा, पैसा कोणाचा

जगण्याच्या सीमेवरच्या बाळावर उपचार किती रेटायचे, यावर तीन भूमिका आहेत: डॉक्टरांनी ठरवावं, आईबापांनी ठरवावं, दोघांनी मिळून ठरवावं. कागदावर तिसरी जिंकली आहे. माँट्रियलच्या नवजाततज्ज्ञ आणि नीतिअभ्यासक अ‍ॅनी जानव्हिये यांची मुलगी अपुऱ्या दिवसांची जन्मली होती. डॉक्टर अपंगत्वाबद्दल आकड्यांत बोलतात आणि आईबाप त्याकडे जगण्याच्या अंगाने पाहतात, ही गोष्ट त्यांच्या लिखाणातून ठळक झाली. भारतात सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा सन्मानाने मरण्याबद्दलचा निकाल मुख्यतः प्रौढांचा विचार करतो. नवजात बाळासाठी भारतीय बालरोग संघटनेचं मतपत्र आहे. स्पष्ट कायदा नाही.

व्यवहारात मात्र बहुतेक निर्णय वेगळ्याच मार्गाने होतात. खासगी विभागाचं बिल हाताबाहेर गेलं की बाप ‘स्वतःच्या जबाबदारीवर नेतो’ अशी सही करतो. वैद्यकीय नोंदीत ती आईबापांची निवड ठरते. सरकारी व्यवस्थेत जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने २०११ पासून नवजात बाळाचे उपचार आणि प्रवास मोफत केले. त्याचा मोठा आधार झाला, पण बापाची बुडालेली मजुरी, बाहेर राहणाऱ्यांचं खाणं आणि घरी ठेवलेलं मोठं मूल यांचा हिशोब त्यात येत नाही. जिल्हा रुग्णालयांतल्या नवजात शिशू विशेष कक्षांत दाखल होणाऱ्या मुलींची संख्या मुलांहून सातत्याने कमी आहे. कोणत्या बाळासाठी घर किती ओढ सोसतं, हे त्या आकड्यात दडलेलं आहे.

रजेचा प्रश्न इथेच येतो. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीतून उद्भवलेल्या आजारासाठी एक महिना जादा पगारी रजा दिली आणि २०१७ च्या दुरुस्तीने मूळ रजा २६ आठवडे केली. पण तीन महिने रुग्णालयात गेले की बाळ घरी येतं तेव्हा निम्मी रजा संपलेली असते. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ पासून बाळ नवजात विभागात असेल तितक्या काळासाठी, कमाल बारा आठवडे, आई आणि बाप दोघांनाही वेगळी रजा मिळते. आपल्याकडे शेतावर, वीटभट्टीवर किंवा घरकामाला जाणाऱ्या बाईला रजाच नसते, म्हणून केवळ कायदा वाढवून हा प्रश्न सुटणार नाही. दिवसाला आठ तास कांगारू द्या, ही शिफारस जर उपचार असेल, तर त्या आठ तासांची मजुरी उपचाराच्या खर्चात धरायची की नाही, हा प्रश्न धोरणकर्त्यांपुढे अजून नीटपणे मांडलाच गेलेला नाही.

घरी गेल्यानंतर

रुग्णालयातून सुटका म्हणजे धोका संपला असं नाही. १९९६ मध्ये चेन्नईत एकोणतिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या एका मुलीची दृष्टिपटलाची तपासणी वेळेत झाली नाही, आईबापांना या तपासणीबद्दल कोणी सांगितलं नाही आणि मुलीची दृष्टी गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सुमारे १ कोटी ८० लाखांची भरपाई देवविली. जन्मानंतर चौथ्या आठवड्याच्या आत डोळे तपासायचे, हे वाक्य आता अनेक विभागांत भिंतीवर लिहिलेलं असतं. तरी तपासणीची तारीख कोणी लक्षात ठेवायची, विभागाने, आशाताईने की आईबापांनी, यावर जिल्ह्याजिल्ह्यात वेगळी पद्धत आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९९९ मध्ये दाखवून दिलं की गावातली प्रशिक्षित बाई घरी जाऊन बाळ पाहते तेव्हा नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक घटतात. पण ते काम घरी जन्मलेल्या आणि घरीच वाढणाऱ्या बाळांचं होतं. तीन महिने यंत्रांवर राहून आलेल्या, फुफ्फुसं नाजूक झालेल्या बाळासाठी आशाताईला काय शिकवायचं, हे वेगळं बसवावं लागेल.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात १९८७ ते १९८९ मध्ये जन्मलेल्या, दोन किलोखालच्या बाळांचा पाठपुरावा डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी ती अठरा वर्षांची होईपर्यंत केला. आपल्या देशात असं काम दुर्मीळ आहे. मुलांची बुद्धी सर्वसाधारण कक्षेत होती, पण तुलनेच्या गटाहून कमी. अपुऱ्या दिवसांची आणि शिवाय वाढ खुंटलेली मुलं सर्वांत मागे होती. या अभ्यासासाठी कित्येक आईबाप वर्षानुवर्षं मुलाला तपासणीला आणत राहिले. त्यांच्या नोकरीचं, कर्जाचं, पुढच्या गरोदरपणाचं आणि मनाचं काय झालं, याचा तितकाच लांब पाठपुरावा भारतीय संशोधनात अभावानेच दिसतो. तो कोणी हाती घेतला तर ज्यांचं बाळ विभागातच गेलं, त्या आईबापांनाही त्यात धरायला हवं. आज त्यांची फाइल मृत्यूच्या तारखेला बंद होते आणि सहा आठवड्यांनी त्यांना भेटीला बोलावण्याची पद्धत आपल्याकडच्या मोजक्याच विभागांत आहे.